गळ्यातलं बटण आणि आतून लावलेलं दार

काकू 79 वर्षांच्या आहेत. गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात, जांभ्याच्या जुन्या कौलारू घरात एकट्या राहतात. काका जाऊन काही वर्षं झाली. मुलगा डोंबिवलीला, मुलगी अमेरिकेत. घरामागे नारळ-पोफळीचं आगर, आगरात विहीर, आणि मागच्या पडवीच्या टोकाला न्हाणीघर. वरच्या डांबरी रस्त्यावरून घरी यायला पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरावी लागते, गाडी दारात येत नाही. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि एकदोन तपशील बदलले आहेत.

मी या भागात घरोघर जाऊन फिजिओथेरपी करते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची मुंबई-पुण्यातली मुलं मला हमखास विचारतात, "ते गळ्यात घालायचं बटण असतं ना, दाबलं की मदत येते, त्यातलं कुठलं घ्यावं?" काकूंच्या घरी याचं उत्तर शोधताना जे जे तपासावं लागलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. यंत्राच्या खोक्यावर यातलं काही छापलेलं नसतं.

त्या रात्री काय झालं

श्रावणातला धो धो पाऊस. रात्री अकराच्या सुमारास काकू लघवीसाठी उठल्या. न्हाणीघरात शिरल्यावर भोवळ आली. भिंतीला धरायला गेल्या, हात घसरला आणि त्या हळूहळू खाली सरकत गेल्या. शेवटी उजवा हात टेकला तो वाकडा. मनगट मोडलं. उजव्या कुशीवर, दाराला पाठ लागलेली, अशा त्या पडून राहिल्या. हाका मारल्या, पण कौलांवर पाऊस कोसळत असताना चाळीस पावलांवरच्या घरात काय ऐकू जाणार? मोबाइल माजघरात चार्जिंगला लावलेला.

सकाळी साडेसहाला दूध घालणारी आली. पुढचं दार उघडेना, म्हणून ती मागे गेली आणि तिला कण्हण्याचा आवाज आला. इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढच्या दाराला आतून अडसर होता. मागच्या पडवीला गज आणि दाराला आतून कडी. शेजारच्या वहिनींचा मुलगा धावत आला, पडवीवरची कौलं काढून आत उतरला. तरी न्हाणीघराचं दार आत उघडणारं आणि काकू त्यालाच टेकून पडलेल्या. त्यांना न दुखवता दार बोट-बोट ढकलत आत जायला आणखी वेळ गेला. हाक ऐकू आल्यापासून माणूस काकूंपाशी पोचेपर्यंत पाऊण तास लागला. त्या वेळी काकूंच्या गळ्यात जगातलं उत्तमातलं उत्तम बटण असतं आणि रात्री अकरा वाजता ते दाबलं गेलं असतं, तरी ही दारं तशीच बंद असती.

मग खुर्चीत बसवून चौघांनी पाखाडीवरून वर नेलं. 108 ची गाडी रस्त्यावर उभी होती. तिथून चिपळूण, म्हणजे चाळीसेक किलोमीटर घाटवळणं. खुब्याचं हाड शाबूत निघालं हे नशीब. पण आठ-सव्वाआठ तास एकाच कुशीवर ओल्या फरशीवर पडून राहिल्याने खुब्यावरची कातडी काळीनिळी झाली होती आणि पुढे तिथे जखम झाली. दाबलेल्या स्नायूंमधून मोडतोडीचे घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून सलाइन लावून दोन दिवस लघवीवर नजर ठेवली. म्हातारपणी पडण्यात हाड मोडतं हे सगळ्यांना माहीत असतं. पडून राहणं हा वेगळा, स्वतंत्र आजार आहे हे फारसं कुणी सांगत नाही. तासाभराच्या पुढे जमिनीवर पडून राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, अंग गार पडतं, कातडी मरते, छातीत कफ साठतो. बटणाचं काम पडणं टाळणं नव्हे, हे पडून राहणं आखडतं घेणं आहे.

मुलांनी काय काय सुचवलं

मनगट प्लॅस्टरमध्ये असतानाच खांदा आणि बोटं आखडू नयेत म्हणून मी काकूंकडे जाऊ लागले. मुलगा रजा काढून आलेला, मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर. दोघांचीही तळमळ खरी होती, आणि दोघांचे मार्ग दोन टोकांना.

मुलीने तिकडचंच यंत्र पाठवायची तयारी केली होती. बटण दाबून घरबसल्या मदत मागवायची ही कल्पना अमेरिकेत आणि युरोपात 1970 च्या दशकात रुजली. बटण दाबलं की घरातल्या मुख्य यंत्रातून फोन लागतो, चोवीस तास चालणाऱ्या केंद्रातला माणूस स्पीकरवरून बोलतो, समोर तुमची माहिती असते, तो घरच्यांना कळवतो किंवा अँब्युलन्स पाठवतो. तिच्या सासूबाईंकडे हे उत्तम चालतं. पण ते केंद्र 108 ला फोन लावू शकत नाही, कारण असे छोटे क्रमांक परदेशातून लागत नाहीत. लावू शकलं असतं तरी "देवळामागची पाखाडी" तिथल्या माणसाला कशी कळणार? शिवाय त्या यंत्रांतले मोडेम तिथल्या मोबाइल कंपन्यांच्या लहरींसाठी घडवलेले असतात आणि आपल्याकडच्या 4जीच्या लहरी बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. यंत्र आलं असतं, दिवा लागला असता, आणि कधीतरी गरजेच्या वेळी ते मुकं निघालं असतं.

मुलाच्या मनात स्मार्ट वॉच होतं. अॅपलने 2018 साली घड्याळात पडणं ओळखण्याची सोय आणली. जोरात आपटल्याचं आणि मग हालचाल थांबल्याचं कळलं की घड्याळ आधी विचारतं, उत्तर आलं नाही तर आपत्कालीन फोन लावतं. शहरात फिरत्या, फोन हाताळणाऱ्या सत्तरीच्या माणसाला मी ते आनंदाने सुचवेन. काकूंच्या बाबतीत तीन अडचणी होत्या. ते रोज चार्ज करावं लागतं, आणि चार्जिंगला ठेवायची वेळ बहुतेकांची रात्रीची असते, म्हणजे नेमकी काकू पडल्या ती वेळ. दुसरं, काकू आपटल्या नव्हत्या, भिंतीला धरून घसरल्या होत्या, आणि अशी संथ घसरण सेन्सर हुकवू शकतो. तिसरी अडचण मला त्यांच्या प्लॅस्टरकडे बघताना लक्षात आली. मनगटावरचं बटण दाबायला दुसरा हात लागतो. पडताना माणूस हातच टेकतो, त्यामुळे मोडतं तेही बहुधा मनगट किंवा खांदा. डाव्या मनगटावर बटण आणि उजवा हात निकामी, तर दाबणार कशाने? गळ्यातलं बटण कुठल्याही एका हाताने दाबता येतं. तेव्हापासून मी गळ्यातल्यालाच झुकतं माप देते, फक्त त्याची दोरी झटक्यासरशी सुटणारी हवी. दाराच्या कडीत किंवा पलंगाच्या कोपऱ्यात अडकली तर फास बसता कामा नये. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तिच्यात गुंतू नये म्हणून दोरी थोडी लांब ठेवली.

ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली यंत्रं मुलाने निवडून ठेवली होती. त्यांतली बरीचशी फक्त 2जीवर चालणारी होती. जिओचं जाळं सुरुवातीपासूनच 4जीचं आहे, त्यात 2जी नाहीच, त्यामुळे ते सिम अशा यंत्रात घालून उपयोग नसतो. दुसऱ्या कंपन्यांचं 2जी आज चालतं, पण जुनं होत चाललेल्या तंत्रावर आईचा जीव टांगून ठेवू नये असं माझं स्पष्ट मत. विकत घेताना "4जी आहे का" एवढं विचारून भागत नाही. "4जीवरून बोलणं होतं का, म्हणजे व्होल्टी आहे का" हे विचारावं. काही यंत्रं 4जी फक्त डेटासाठी वापरतात आणि आवाजाचा फोन लावायला 2जीच शोधतात.

महिन्याचे पैसे घेऊन वृद्धांवर लक्ष ठेवणाऱ्या सेवा पुण्या-मुंबईत आहेत. त्यांचा माणूस या पाखाडीवर रात्री बाराला पोचणार नाही, म्हणून तो विषय लवकर संपला. घरात कॅमेरे लावायची सूचनाही आली. काकूंनी ती एका वाक्यात मोडून काढली: "मी माझ्या घरात लुगडं बदलायचं कुठे मग?" त्यावर कुणी पुढे बोललं नाही, आणि बोलूही नये.

हातातल्या साध्या फोनची गोष्ट मात्र आम्ही आधी उरकली. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असणं केंद्राच्या नियमाने बंधनकारक आहे. साध्या फोनवर 5 किंवा 9 चा आकडा दाबून धरला की 112 ला फोन जातो. काकूंना ते माहीतच नव्हतं, माझ्या ओळखीच्या बहुतेकांना नसतं. मागल्या आगरात जाताना फोन कापडी पिशवीत घालून कमरेला अडकवायचा, एवढी सवय त्या दिवसापासून लावली.

घरभर सिग्नल शोधत

यंत्र निवडण्याआधी मी मुलाला एक काम दिलं. तीन कंपन्यांची सिम घेऊन घरभर हिंडायचं आणि दर ठिकाणाहून खराखुरा फोन लावून दोन मिनिटं बोलायचं. पडद्यावरच्या दांड्या मोजायच्या नाहीत. ओटीवर, माजघरात, देवघरापाशी, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, विहिरीवर, आणि हे सगळं एकदा दुपारी आणि एकदा पाऊस पडत असताना रात्री.

जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, त्यातून पावसाने चिंब, त्या लहरी गिळतात. ओटीच्या खिडकीत एका कंपनीचा आवाज खणखणीत होता. माजघरात तोच तुटक. न्हाणीघरात तिन्ही जवळपास मुकी. म्हणजे ज्याच्यात सिम गळ्यातच असतं असं यंत्र नेमकं न्हाणीघरात दगा देणार. म्हणून आम्ही दोन तुकड्यांचं यंत्र घ्यायचं ठरवलं. सिम आणि स्पीकर असलेला मुख्य डबा चांगल्या सिग्नलच्या जागी, आणि गळ्यात हलकं, पाणी चालणारं बटण, जे रेडिओ लहरींनी त्या डब्याशी बोलतं. याचा आणखी एक फायदा असा की गळ्यातल्या बटणात छोटी सेल असते आणि ती वर्ष-दोन वर्षं पुरते. रोज चार्जिंगची कटकट नाही, आणि खाऱ्या हवेत चार्जिंगच्या पिनांना गंज चढायची भीतीही नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटणार नाही.

आता डबा ठेवायचा कुठे? ओटीवर फोन उत्तम लागतो, पण न्हाणीघर ते ओटी यांच्यामध्ये तीन भिंती, बटणाचा इशारा पोचेना. मागच्या पडवीत इशारा पोचतो, फोन लागत नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या फळीवर दोन्ही गोष्टी जमल्या. विहिरीच्या अलीकडच्या काठापर्यंत बटण चालतं, पोफळींच्या रांगेपलीकडे नाही. ती हद्द काकूंना चालत जाऊन दाखवली. आपलं यंत्र कुठपर्यंत चालतं हे घालणाऱ्याला पावलांनी माहीत असायला हवं.

जुना तांब्याच्या तारेचा लँडलाइन असता तर मी त्याचाही विचार केला असता, कारण त्याला वीज एक्स्चेंजकडून येते आणि घरातली गेली तरी तो चालतो. आता गावात फायबर आहे. घरातली वीज गेली की त्याचा डबा बंद, इन्व्हर्टर नसेल तर फोनही बंद. काकूंकडे इन्व्हर्टर नाही. म्हणून मुख्य डब्यात स्वतःची बॅटरी असलेलंच यंत्र घेतलं.

फोन आधी कुणाला?

यंत्रात पाच नंबर घालता येत होते. एक उचलला नाही की दुसरा. मुलाने पहिला स्वतःचा घातला, दुसरा बायकोचा, तिसरा बहिणीचा. काकू खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे, रात्री बाराला तुला उठवलं तर तू डोंबिवलीहून काय करणार आहेस? घाबरून बसशील नुसता. आधी हिला लाव." आणि शेजारच्या वहिनींकडे बोट दाखवलं.

तोवर आम्ही सगळे यंत्राबद्दल बोलत होतो. काकू येणाऱ्या माणसाबद्दल बोलल्या. त्यांच्या त्या वाक्यावर पुढची सगळी मांडणी उभी राहिली. पहिला फोन वहिनींना. दुसरा त्यांच्या मुलाला, ज्याने कौलं काढली होती. तिसरा वाडीतल्या एका रिक्षावाल्याला. चौथा डोंबिवलीला, पाचवा सुनेला. 108 मुद्दाम घातला नाही. तिथे उचलणाऱ्याला गाव, खूण, रुग्णाची अवस्था सांगावी लागते आणि न्हाणीघरातून काकूंचा आवाज डब्यापर्यंत पोचत नाही. जो पहिला पोचेल त्याने काकूंकडे बघून 108 लावायचा. काय सांगायचं ते एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून वहिनींच्या फोनपाशी टांगलं: गाव, वाडी, गाडी कुठल्या देवळापाशी थांबते, तिथून किती पायऱ्या उतरायच्या, काकूंच्या गोळ्या, रक्तगट. आणि खाली लाल शाईत: कंबर किंवा मांडी दुखत असेल तर उठवून बसवू नका, पांघरूण घाला, बोलत राहा.

वहिनींना हे सगळं पटलं का, हे मी त्यांच्या घरी जाऊन वेगळं विचारलं, काकूंसमोर विचारलं नाही. समोर कुणी नाही म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "मी येईन गो, पण शिमग्याला पालखी घरी असली, नायतर मी माहेरी गेले, तर?" रास्त प्रश्न होता. त्या गावाला जाणार असतील तर आदल्या दिवशी मुलाला डोंबिवलीला कळवतात, आणि तेवढ्या रात्री वाडीतली एक बाई काकूंकडे झोपायला येते. तिला त्याचे पैसे मिळतात. शेजारधर्म आहेच, पण दुसऱ्याच्या झोपेवर आपण कायमचा हक्क सांगतो आहोत याची जाणीव मुलांनी ठेवायला हवी, असं मी स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

फोन लावून बघताना बारीकसारीक अडचणी निघाल्या. वहिनींच्या मुलाच्या फोनने अनोळखी नंबर म्हणून यंत्राचा फोन परस्पर गप्प केला. मग सगळ्यांच्या फोनमध्ये तो नंबर "काकू मदत" नावाने साठवला आणि फोन सायलेंटवर असतानाही वाजेल अशी सोय केली. सुनेच्या फोनवर व्हॉइसमेल होता. यंत्राला वाटलं माणसानेच उचलला आणि ते पुढचा नंबर लावायचं थांबलं. उचलणाऱ्याने आकडा दाबून खात्री दिल्याशिवाय थांबणार नाही, अशी सेटिंग त्या यंत्रात होती, ती चालू केली. ज्या यंत्रात ती नाही ते मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.

सिमचा रिचार्ज हा आणखी एक कच्चा दुवा. महिनोन्‌महिने न वापरलेलं प्रीपेड सिम बंद पडू शकतं, आणि मुदत संपली की फोन जात नाही. नुसत्या बोलण्या-एसएमएसचे 365 दिवसांचे रिचार्ज आता मिळतात, त्यातला एक मारला आणि तारीख मुलाच्या फोनमध्ये लावली. तरी वापर चालू राहावा आणि सगळं धड आहे ना कळावं म्हणून दर संकष्टीला चंद्रोदयाआधी काकू बटण दाबून बघतात. तारीख त्या कधीच विसरत नाहीत, मला आठवण करावी लागत नाही.

दारं, घंटी आणि सकाळची खूण

सुताराला बोलावून न्हाणीघराचं दार बाहेर उघडेल असं बिजागऱ्या फिरवून लावून घेतलं आणि आतली कडी काढून टाकली. मागच्या दाराची कडी काढून बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवलं, एक किल्ली वहिनींच्या घरी चुलीमागच्या खुंटीला. पुढच्या दाराचा अडसर राहू दिला, कारण तो लावल्याशिवाय काकूंना झोप येत नाही. या सुतारकामाला यंत्राच्या निम्मेही पैसे लागले नाहीत, आणि मला विचाराल तर वेळ सगळ्यात जास्त यानेच वाचणार आहे.

दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे दारावरची बिनतारी घंटी, सेलवर वाजणारी. तिचं वाजणारं खोकं वहिनींच्या काकूंकडच्या खिडकीत ठेवलं. बटणं दोन, एक काकूंच्या पलंगाजवळ आणि एक न्हाणीघरात, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. सगळे ती उभ्या माणसाच्या हाताशी लावतात. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. मोबाइलचं जाळं मेलेलं असलं तरी ही घंटी वाजते.

तिची खरी गरज वादळात. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडकरांच्या अजून अंगावर आहे, कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती आणि टॉवरही बंद. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा झोडपून गेलं. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग त्याचं डिझेल कोण आणणार? म्हणून वादळाचा इशारा आला की यंत्रावर भिस्त ठेवायची नाही, काकूंनी वहिनींकडे झोपायला जायचं असं ठरलं आहे.

यंत्रात पडणं आपोआप ओळखणारी सोयही होती. ती आठवडाभर चालू ठेवून बघितली. काकू खाली बसून विळीवर भाजी चिरतात, पाटावर बदकन बसतात, आगरातून आलेल्या सुपाऱ्या निवडताना तासभर हलत नाहीत. यंत्राला ते पडल्यासारखं वाटायचं आणि वहिनींचा फोन वाजायचा. मी ती सोय बंद करायला सांगितली. मुलीला हे अजिबात रुचलं नाही, आणि तिची भीती खोटी नाही. काकू बेशुद्ध पडल्या तर बटण कोण दाबणार? पण खोट्या हाकांना दमलेला शेजारी खऱ्या हाकेला उशिरा उठतो. बेशुद्धीचा धोका दुसऱ्या वाटेने आवाक्यात आणला: सकाळी साडेसहाला काकू पुढचं दार उघडून उंबऱ्यापाशी रांगोळी घालतात, ती वहिनींना त्यांच्या अंगणातून दिसते. सातपर्यंत दार उघडलं नाही तर किल्ली घेऊन यायचं. रात्री साडेनऊला ओटीवरचा दिवा मालवला की काकू झोपल्या. याने रात्र झाकली जात नाही, हे मुलीपासून मी लपवलं नाही.

एवढं करूनही एक शंका उरतेच: माणूस बटण दाबेल का? केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या वृद्धांचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. मदतीची यंत्रं बऱ्याच जणांकडे होती, पण जे बराच वेळ जमिनीवर पडून राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती वापरलीच नव्हती. कुणी अंगावर घातलं नव्हतं, कुणाला स्वतःच उठायचं होतं, कुणाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नव्हता. काकूही पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "अगं, ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, तसं हे काय बांधतेस?" मी समजावायच्या भानगडीत पडले नाही. बटण खुंटीला अडकवून ठेवलं. नंबरांचा क्रम त्यांच्या मनासारखा लागल्यावर त्यांनीच ते मागून घेतलं. आपण हाक मारली की मुलाची झोप उडणार नाही याची खात्री त्यांना हवी होती.

पडण्याचं मूळही शोधायला हवं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब आधी झोपलेला आणि मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर भोवळीचं कारण तिथेच असतं, आणि काकूंचा तसा उतरत होता. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी, तीही रात्री जेवणानंतर घेतलेली. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली आणि दुसरीचं प्रमाण बदललं. गोळ्यांत असा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो, आपण घरी नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, वाटेवर रात्रभर छोटा दिवा, आणि उठताना आधी पलंगावर पाय सोडून मिनिटभर बसायचं हा माझा धडा.

त्यानंतर

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री काकूंना न्हाणीघरात गरगरल्यासारखं झालं. त्या दांडीला धरून खाली बसल्या आणि वीतभर उंचीवरचं घंटीचं बटण दाबलं. गळ्यातलं दाबायचं सुचलं नाही. वहिनी किल्ली घेऊन मागच्या दाराने आल्या, उठवून पलंगावर बसवलं, साखरपाणी दिलं, आणि थोड्या वेळाने आपल्या घरी जाऊन झोपल्या. डोंबिवलीला सकाळी कळवलं. अमेरिकेतल्या मुलीने दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं की मग ते महागाचं यंत्र घेतलं कशाला. मी म्हटलं, वहिनी घरात नसत्या तर रिक्षावाल्यापर्यंत आणि तुझ्या भावापर्यंत घंटी पोचली नसती. ते दोन्ही लागतं.

हे ऐकून त्याच वाडीतल्या दुसऱ्या एका घरून बोलावणं आलं. आजोबा 83 वर्षांचे, एकटे. मुलाला काकूंकडचंच यंत्र हवं होतं, पैसेही द्यायला तयार होता. पण त्यांच्या दोन्ही बाजूंची घरं वर्षभर बंद असतात, कुलपं उघडतात ती गणपतीत आणि मे महिन्यात. सगळ्यात जवळचा माणूस पाखाडीच्या वरच्या टोकाला, आणि तोही सत्तरीचा. मी त्यांना यंत्र सुचवलं नाही. रात्री झोपायला येणारा माणूस मिळतो का ते आधी बघा म्हटलं, सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनचा नंबर दिला, आणि पावसाळ्याचे चार महिने आजोबांना मुंबईला नेता येईल का, हे त्यांच्याशी बोलून ठरवा असं सांगितलं. आजोबांना मुंबई नको आहे. गावातला एक मुलगा रात्री ओटीवर झोपायला तयार आहे, त्याच्या पैशांचं बोलणं चालू आहे. ते ठरलं की मग यंत्र घेऊ, आणि पहिला नंबर त्या मुलाचा घालू.